तिचे डोळे पाहू द्या

माय, काल पवनीच्या दवाखान्यात पेशंट तपासताना मी एका बाईवर ओरडले. तिची चार वर्षांची पोर माझ्यासमोर एकाएकी पांढरीफटक पडली, "घर फिरून राह्यलं" म्हणत तिला बिलगली, आणि तिने लगेच पोरीचं तोंड पदराखाली घेतलं. अगदी तुझ्यासारखं. अजून दिसतं, लहानपणी मला भोवळ आली की तू धानाच्या रोवणीत हातातली रोपं टाकून शेताच्या धुऱ्यावर येतेस, चिखलाच्या हाताने माझे डोळे झाकतेस, आणि त्या अंधारात मला बरं वाटतं. पण काल मला डोळेच पाहायचे होते. एवढ्या लहान पोराला चक्कर कशी येते ते सांगता येत नाही. डोळ्यांत ते दिसतं, तेही चक्कर चालू असेपर्यंतच. बुबुळं वर-खाली उडत असली तर मेंदूत काही वाढतंय का ते पाहायला तिला त्याच दिवशी नागपूरला पाठवायचं होतं.

"पदर बाजूला घ्या."

"नाही जी मॅडम, तिले भेव लागते. झाकू द्या."

"बाई, आता नाही दिसलं त मले काहीच समजणार नाही. तिचे डोळे पाहू द्या!"

तिने पदर सोडला. पोर किंचाळत होती. बुबुळं वर-खाली नाही, आडवी उडत होती, एकाच बाजूला. तरी जीव भांड्यात पडेना. थोड्या वेळाने चक्कर ओसरली, पोरीने पाणी मागितलं. मी तिला व्हरांड्यातल्या फरशीच्या रेघेवरून चालवलं. तोल गेला नाही. कान चांगले, सकाळी डोकं दुखून उलट्या होत नव्हत्या. मग विचारलं, घरात कोणाचं अर्धं डोकं दुखतं का?

"माह्यच दुखते," ती खाली पाहत म्हणाली. "हे पोटात होती तवा मी उन्हात रोवणीले गेली होती. माह्याच्यानंच झालं का जी?"

तुझंही दुखायचं, माय. कपाळाला फडकं आवळून तू रोवणी करायचीस. माझी भोवळ आपल्याच पापाने आली असं धरून तू सोमवारचे उपास सुरू केलेस. मी मोठी होता होता भोवळ आपोआप गेली, तरी तू मरेपर्यंत ते सोडले नाहीस.

"तुमच्यानं काही नाही झालं," मी तिला म्हणाले. "अर्धशिशी असलेल्या घरात लहान लेकरांले असं होते. बहुतेक मोठेपणी जाते. पुन्हा आली त आधी मोबाईलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढा, मंग खुशाल झाका. चालताना झोक गेला त तसंच घेऊन या."

ती रडता रडता हसली. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. तिला हे सांगणारं कोणीतरी पहिल्याच खेपेला भेटलं. तुला कधीच नाही.