आधी चूक, मग चहा

मी, खाली सही करणारी, या रस्त्यावर 'फ्रेमवाल्या बाई' म्हणून सगळ्यांना माहीत असलेली, फ्रेमा बनवणाऱ्या कारागिराची विधवा, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा फ्रेमा करणे व सध्याचा उद्योग लोकांची चित्रे भिंतीवर टांगणे, हे मृत्युपत्र माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताने, चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. एरवी लोक हे एका वाक्यात उरकून पुढे जातात. मला त्यावर पुढे एक अख्खे कलम खर्च करावे लागणार आहे, कारण माझी बुद्धी शाबूत नसल्याची बातमी माझ्या धाकट्या दिरांनी ओळखीपाळखीत पसरवली आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. सल्ले मात्र पुष्कळांनी दिले. ते मी मानलेले नाहीत.

कलम १. आधीच्या मृत्युपत्राबद्दल

माझे पती गेले त्या वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घराचा तळमजला, म्हणजे पुढची प्रदर्शनाची खोली आणि मागची कार्यशाळेची खोली, मी कलामंडळाला देऊन टाकला होता. तेव्हा मंडळ म्हणजे शनिवारी येणारी माणसे होती: एक बसचालक, एक शिवणकाम करणारी बाई, शाळेतून निवृत्त झालेला एक शिपाई आणि असेच आणखी काही. आज मंडळ म्हणजे भाऊजी. अध्यक्ष भाऊजी, निवड समिती भाऊजी, उद्घाटनाला येणारे पाहुणे भाऊजींचे मित्र आणि भिंतीवर भाऊजींचे समुद्र.

ते मृत्युपत्र मी रद्द करते. हे भाऊजींना माहीत नाही. हे नवे मृत्युपत्र कोर्टात टिकले नाही, तर जुने उभे राहील आणि तळमजला त्यांच्या हाती जाईल. तेथे 'कायमस्वरूपी दालन' करायचे त्यांनी ठरवले आहे. दालनात कोणाची चित्रे कायम राहणार, हे मी विचारलेले नाही. मागच्या खोलीत म्हणे पाहुण्यांसाठी बैठक होणार आहे. या घराच्या वाटणीत भाऊजींना त्यांचा हिस्सा रोख मिळाला, त्यात त्यांनी स्वतःचे घर घेतले, तेव्हा या घरावर त्यांचा कसलाही हक्क नाही, हे येथेच नोंदवून ठेवते.

कलम २. तळमजल्याच्या नियमाबद्दल

तळमजला कोणाला द्यायचा हे सांगण्याआधी तेथे काय चालते ते सांगणे भाग आहे. नाहीतर वकीलसाहेब त्याला नुसतीच 'दोन खोल्या' म्हणतील.

दर शनिवारी मागच्या खोलीत लिनोलियमचे तुकडे कोरून, त्यावर शाईचा रूळ फिरवून कागदावर छाप काढतात. छाप दोरीवर चिमट्यांनी लावतात. मग माझ्या पतींनी घालून दिलेला नियम: प्रत्येकाने दुसऱ्याच्या छापातली एक चूक सांगायची, मगच चहा. नुसते 'छान' म्हणणाऱ्याला कप मिळत नसे. ते म्हणत, "छान म्हणायला डोळे लागत नाहीत."

बसचालकाने त्याच्या बसच्या आरशात दिसणारी मागची बाके कोरली होती. छाप उलटा येतो हे तो विसरला. पण आरशातले दृश्यही उलटेच असते, त्यामुळे कागदावर बस अगदी सुलटी उतरली आणि त्याला वाटले आपण जिंकलो. शिवणवाली बाई म्हणाली, "अहो, पण यात आरसा कुठाय? ही तर नुसतीच बस आहे." त्याचा चेहरा उतरला. चहा घेऊन तो घरी गेला आणि पुढच्या शनिवारी आरशाची कड, तिला अडकवलेली छोटी बाहुली आणि कोपऱ्यात स्वतःचा अर्धा डोळा कोरून आला. त्याहून चांगले काम त्या खोलीत झालेले मी पाहिलेले नाही.

भाऊजी अध्यक्ष झाल्यावर त्यांनी हा नियम बंद केला. "वहिनी, लोक इथे आनंद घ्यायला येतात. टीका कशाला?" असे म्हणून त्यांनी 'येथे फक्त सकारात्मक बोलावे' अशी पाटी करून आणली आणि स्वतः खिळा ठोकला. खिळा वाकडा आहे. तेव्हापासून खोलीत सगळे छान आहे, आणि कोणाच्याही छापाच्या कोपऱ्यात अर्धा डोळा आलेला नाही.

कलम ३. मागच्या वार्षिक प्रदर्शनाबद्दल

प्रदर्शनाची पुढची भिंत कार्यशाळेच्या छापांची, हे पहिल्यापासून ठरलेले आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले असताना भाऊजींनी छाप उतरवले, मागे मोरीच्या कठड्यावर रचून ठेवले आणि त्या जागी आपले सात समुद्र लावले. भाऊजींचे सगळे समुद्र एकाच आकाराचे असतात. फरक सहीत असतो. सही दर वर्षी मोठी होत चालली आहे. सातव्या चित्रात ती गलबतापेक्षा मोठी आहे.

कोणीतरी मोरीचा नळ नीट बंद केला नव्हता. वरचे छाप भिजले, त्यांत बसचालकाचा आरसा होता.

हे माझ्या सुनेला दिसले. माझी सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. तिने ओले छाप एकेक करून काचेवर पसरले, वर टिपकागद ठेवले आणि मग उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या देखत ती अध्यक्षांपाशी गेली.

"काका, समुद्र सात लावलेत, पण पाणी एकातही नाही. पाणी सगळं मोरीत होतं."

भाऊजी पाहुण्यांकडे बघून हसले. "आमची सूनबाई. कवळ्या करते. कलेतलं तिला कुठून कळणार?"

"कवळीतलं कळतं ना. माझ्या कवळीनं माणसं जेवतात. तुमच्या समुद्रात कुणी पाय तरी बुडवील का?"

मी हसले. मोठ्याने हसले, आणि खुर्चीत बसावे लागले इतके हसले. पुढच्या कलमाचे मूळ या हसण्यात आहे.

कलम ४. माझ्या बुद्धीबद्दल

त्यानंतर आठवडाभरात मला कळले की मी 'हल्ली भलतीकडेच हसते', 'माणसं ओळखत नाही', 'सुनेच्या मुठीत आहे'. हे भाऊजी दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना हळहळत सांगत होते. मग एके दिवशी ते आपल्या मित्राला, एका डॉक्टरांना, प्रदर्शन दाखवायला घेऊन आले. डॉक्टरांनी एकही चित्र पाहिले नाही. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले.

मी म्हटले, "मंगळवार. तुमच्या कोटाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात आहे. आणि शंभरातून सात सात वजा करायला सांगणार असाल, तर आधी भाऊजींना सांगा; त्यांना सातच्या पुढे येत नाही."

डॉक्टरांनी बटण काढून नीट लावले. ते जरा ओशाळले, म्हणाले, "काकू, तुम्ही ठणठणीत आहात." भाऊजी त्या वेळी स्वतःच्या समुद्रासमोर उभे होते, त्यामुळे हे त्यांच्या कानी गेले नाही.

कलम ५. मुलाबद्दल

माझ्या मुलाने आयुष्यात एकाही गोष्टीला वाईट म्हटलेले नाही. तो विक्रीच्या धंद्यात आहे. बायकोची बाजू घेतो तेव्हाही काहीतरी विकत असल्यासारखा बोलतो. मी काढलेल्या घोड्यांच्या प्रत्येक चित्राला तो न बघता "मस्त, आई" म्हणाला आहे. म्हणून ती सगळी चित्रे मी त्याला देते. ती त्याने बैठकीच्या खोलीत, दार उघडताच दिसतील अशी लावावीत. एखादे काढावेसे वाटले, तर त्यातली एक चूक मोठ्याने सांगून मगच काढावे. मला वाटते खोली लवकर रिकामी होईल, आणि मुलगा थोडा शहाणा होईल.

घराचा वरचा मजला मुलगा आणि सून दोघांना मिळून देते. बँकेत जे आहे ते तळमजल्याचे वीजबिल, शाई आणि कागद यांसाठी राखून ठेवावे.

कलम ६. तळमजला

तळमजला, पुढची खोली आणि मागची खोली, दोरी, चिमटे, मोरी आणि तिच्या नळासकट, मी माझ्या सुनेला देते.

ती आणि मी एकमेकींना गोड लागत नाही, हे शेजारच्या तीन घरांना ठाऊक आहे. ती या घरात आली त्या पहिल्याच महिन्यात मी तिला माझा एक घोडा दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि ती म्हणाली, "आई, हा घोडा नाही. टेबलाला शेपूट लावलंय तुम्ही." मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. मग एकदा ती घरात नसताना चित्र पुन्हा काढून पाहिले. टेबलच होते. त्यानंतर मी घोड्यांचे गुडघे शिकले. अजूनही नीट जमत नाहीत, हेही तिनेच सांगितले आहे.

गेल्या महिन्यात मी तिला आडून विचारले, "खाली सगळं तुझ्यावर सोपवलं, तर काय करशील गं?"

"आधी दिव्यांची तोंडं फिरवीन," ती म्हणाली. "उजेड छापांवर पडतच नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो."

"एवढंच?"

"मग ती पाटी उतरवीन. खिळा वाकडा आहे."

आभार मानायचे तिला सुचले नाही. दिव्यांबद्दल ती बरोबर आहे.

अटी दोनच. शनिवारची कार्यशाळा चालू राहावी आणि पुढची भिंत तिथल्या छापांची असावी. चहाचा नियम पुन्हा चालू करावा, आणि पहिली चूक तिच्याच कामातली काढावी. नियमाप्रमाणे मीही तिची एक चूक सांगून ठेवते: काम झाल्यावर ती शाईचा रूळ टेबलावर तसाच ठेवते. तो एका बाजूने चपटा होतो. रूळ खिळ्याला टांगावा. खिळा मी ठोकलेला आहे, सरळ आहे.

पतींची हत्यारे, म्हणजे कोन कापायची करवत, पट्ट्या आवळायचे शिकंजे आणि काच कापायची हिरकणी, हीही तिलाच. हिरकणी कोणाला उसनी देऊ नये. भिजलेला आरसा बसचालकाने पुन्हा छापून दिला, तर त्याला तिने चांगली फ्रेम करावी आणि पुढच्या भिंतीच्या मधोमध लावावे.

कलम ७. भाऊजींचे सामान

भाऊजींना या मृत्युपत्रान्वये मी काहीही देत नाही. त्यांचे सात समुद्र त्यांचेच आहेत, ते त्यांनी घेऊन जावेत. फ्रेमा मात्र मी केल्या होत्या, त्यांचे पैसे त्यांनी कधी विचारले नाहीत आणि मी कधी मागितले नाहीत; त्या काढून ठेवून घ्याव्यात आणि समुद्र गुंडाळून द्यावेत. पाटीही त्यांनीच करून आणली होती, तीही सोबत द्यावी. त्यांच्या घरी ती उपयोगी पडेल.

कलम ८. साक्षीदारांची निवड

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. माझ्या वकिलांनी सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. बाई शुद्धीवर आहेत आणि त्यांनी आमच्यासमोर सही केली, एवढे त्याने पाहिले की पुरते. उद्या कोणी मला वेडी ठरवायला कोर्टात गेले, तर ती सही त्याच्या आड येते.

म्हणून पहिले साक्षीदार म्हणून मी भाऊजींना आणि दुसरे म्हणून त्यांच्या डॉक्टर मित्रांना बोलावले आहे. निरोप असा दिला आहे: "मृत्युपत्रावर प्रतिष्ठित माणसांच्या सह्या हव्यात." यात खोटे काही नाही. कागद त्यांच्यासमोर उघडा ठेवला जाईल आणि "वाचून घ्या, भाऊजी" असेही मी म्हणणार आहे. ते म्हणतील, "वहिनी, तुमच्यावर विश्वास नाही का?" आणि पेन काढतील. इतकी वर्षे मी त्यांना प्रदर्शनात वावरताना पाहत आले आहे. दुसऱ्याच्या चित्राखालची चिठ्ठी त्यांनी कधी वाचलेली नाही.

त्यांनी हे वाचलेच, तर आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याचे काम त्यांनी शेवटपर्यंत पाहिले असे होईल, आणि मी कलम ७ मधल्या फ्रेमांवरचा हक्क सोडून देईन. तळमजल्याबद्दलचे बोलणे तरीही बदलणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी.

ठिकाण: मागची खोली, कामाचे टेबल

दिनांक: (भाऊजींनी आपल्या हस्ताक्षरात घालावा)

मृत्युपत्र करणारी: फ्रेमवाल्या बाई (सही)

आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की या बाई आज पूर्ण शुद्धीवर आहेत, आम्हाला ओळखतात, आणि त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत वर सही केली आहे.

साक्षीदार १: कलामंडळाचे अध्यक्ष, बाईंचे धाकटे दीर
(सहीसाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत)




साक्षीदार २: डॉक्टर, अध्यक्षांचे मित्र
(एक ओळ)

सुनेस सूचना: सह्या झाल्यावर दोघांनाही चहा द्यावा. आज चूक विचारू नये.