राहीचं ताट

पावस, ता. १० नोव्हेंबर १९८४

चि. दमयंतीस काकीचे अ. आ.

मी काय कोणाच्या चुलीत डोकावायला जात नाय, हे आधीच सांगून ठेवते. वही घेऊन वाडीत फिरले की बायका तोंडाला पदर लावून हसतात. सोनूबाई तर म्हणाली, सगुणाकाकी मामलेदारीण झाली. होऊ दे. तू मुंबईच्या कॉलेजात पोटुश्या बायकांच्या खाण्यावर संशोधन करतेस, तर घरच्या माणसाने मदत करायला नको? चौथी शिकलेली दुसरी बाई आहे कोण इथे?

अकरा घरं लिहिली. रोज काय शिजलं ते विचारून लिहिलंय. भात, बांगड्याचं कालवण, कुळथाचं पिठलं, कधी अंडं. कोण उपाशी नाय. उगाच मुंबईत आमची नाचक्की करू नको. तुझे काका बरे आहेत, खोकतात आणि विडी ओढतात. सुनेला, राहीला, सातवा लागला. रघूला जहाजावरून सुट्टी नाय म्हणून गप्प असते, बाकी ठीक.

आशीर्वाद आहेतच, रोज काय लिहायचे.
सगुणाकाकी

मुंबई, ता. १९ नोव्हेंबर १९८४

ती. काकीस दमयंतीचा शि. सा. न.

वही मिळाली. अक्षर झकास, आणि जेवण तर लग्नघरासारखं! पण एक कोडं आहे. दसऱ्याला आले तेव्हा मी या बायकांची वजनं घेतली होती. परवा नर्सबाईंनी पुन्हा घेतली. कमळाचं दीड महिन्यात पाव किलोसुद्धा वाढलं नाही. बाकीच्यांचंही तेच. मग एवढे बांगडे गेले कुठे?

चूक माझी आहे, मी नीट समजावलं नाही. तू घरात शिजलं काय ते लिहिलंस. आता असं कर, सगळे जेवून उठेपर्यंत तिथे बस, आणि पोटुशीच्या ताटात शेवटी काय पडतं ते बघून लिही.

आणि काकी, पोटुश्या बारा आहेत, घरं अकराच. आपलं घर राहिलं. राहीवहिनीचं पहिलं बाळ आठ दिवसांत गेलं, म्हणून मला तिचीच जास्त काळजी. तिचंही वजन हललेलं नाही.

रागावलीस तर पत्रातच रागाव, मायेत कमी करू नकोस.
दमयंती

पावस, ता. ३ डिसेंबर १९८४

चि. दमयंतीस अ. आ.

तुझ्या पत्राने चार दिवस डोकं फिरलं होतं. लोकांची जेवणं होईस्तोवर बसायचं, मला काय कामं नायत? तरी बसले. कमळाकडे सासरा, दीर, पोरं जेवली, मग सासू. शेवटी कमळाने टोपातली खरवड काढली, कालवणाच्या भांड्यात तो भात फिरवला आणि भांडं पुसून खाल्लं. मासा म्हणशील तर नुसतं डोकं, काट्यांसकट. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच.

मग आपल्या घरी बसले. म्हणजे रोजच जेवते गो, पण हात धुतले की पडवीत सुपारी कातरायला जाते. मागे कोण काय खातं, बघितलंय कोणी? त्या दिवशी हललेच नाय. राहीला वाटलं काय तरी चुकलं, ती ताटावर बसेचना. शेवटी वाडगाभर पेज घेतली, वर चार सुकटी. एवढंच काय, म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्हीच सांगितलं होतं ना, पोटुशीने जास्त खाल्लं तर पोर मोठं होतं आणि अडतं.

सांगितलं होतं. मला सासूने सांगितलं, मी तिला सांगितलं. आणि वाढायची पळी या घरात माझ्याच हातात असते.

बारावी ओळ लिहून पाठवली आहे. वाचून रडत बसू नको, कामाला लाग.
सगुणाकाकी

मुंबई, ता. १२ डिसेंबर १९८४

ती. काकीस शि. सा. न.

तुझी बारावी ओळ आमच्या कॉलेजातल्या बाईंनी दोनदा वाचली. आईने पोटभर खाल्लं म्हणून बाळ अडत नाही गं. आई अशक्त असली तर दोघांनाही धोका. वहिनीला आधी वाढ, एवढंच सांगते. तू मोठी आहेस, जास्त शिकवत नाही. सोबत छापील कागद आहे. बाळंतपण झालं की सगळे रकाने भरून पाठव.

वहिनीला माझी आठवण सांग, आणि थोडी तुलाही.
दमयंती

पावस, ता. ६ फेब्रुवारी १९८५

चि. दमयंतीस अ. आ.

राहीला गुरुवारी मुलगी झाली. अडली बिडली नाय. नर्सबाईंनी तागडीत घातलं, दोन किलो सातशे. रडते अशी की शेजारची कोंबडी अंगणात येत नाय.

डिसेंबरापासून राहीला पहिल्या पंगतीला बसवलं. सून आपल्याबरोबर जेवते म्हणून तुझे काका दोन दिवस ताटावरून उठून गेले. तिसऱ्या दिवशी भूक लागली, बसले. कमळाची सासू भांडायला आली, म्हणाली तू वाडीतल्या सुना बिघडवतेस. मी म्हटलं, तुझ्याकडे मासा पुरत नसेल तर कमळाला माझ्याकडे पाठव जेवायला, वाडीला कळू दे. त्या दिवसापासून कमळाच्या ताटात सबंध बांगडा पडतो. मी जाऊन बघून आले.

छापील कागद भरला आहे. पहिल्या बाळंतपणाचा एक रकाना कोरा आहे, त्या वेळी आई काय खात होती म्हणून विचारलंय तो. मला माहीत आहे ती काय खात होती. पण ते मी लिहिणार नाय. कागद परत पाठवू नको, आणि इथे आलीस तरी विचारू नको.

सगुणाकाकी