आपल्या दारातलं वाजवणं

अकोला,
२२ फेब्रुवारी १९६४

प्रिय शालू,

सप्रेम जयभीम. हे पाकीट हातात पडलं की आधी तुझ्या आईला विहिरीवर पाठव आणि मगच फोड. पार्बताबाईंना अक्षर ओळखता येत नसलं तरी तुझं तोंड बरोबर वाचता येतं. सुगतला घेऊन अकोल्याला कधी येऊ, असं तू पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा थांब म्हणून कळवलं. तू चिडली असशील. चिडायलाच पाहिजे. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईचं पोर कुशीवर वळायला लागलं तरी नवरा न्यायला येत नाही, म्हणजे अचलपुरातल्या बायका काय काय बोलत असतील ते मला इथे बसून ऐकू येतं. घरात रेकॉर्डिंग चाललंय, तान्ह्या पोराचं रडणं त्यात येईल, असं मी लिहिलं होतं. ते खोटं नाही, पण तेवढंच खरंही नाही. उरलेलं शेवटी लिहितो, कारण ते आधी लिहिलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस, आणि मला तेही तुला सांगायचं आहे.

घर तर तुला ओळखूच येणार नाही. तू लग्नात आणलेल्या गाद्या खिडक्यांना टांगल्यात, रजई दाराला. ओरडू नकोस, खिळे भिंतीत ठोकलेत, गादीत नाही. खाटेवर नारायणने दिलेला जर्मन टेप रेकॉर्डर आहे. तोच नारायण, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला, जो तुझ्या हातची झुणका-भाकर खाऊन दोनदा लाजला होता. मुंबईत एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब मला म्हणाले होते की नुसत्या गिटारीच्या धुनांची एक मोठी रेकॉर्ड निघू शकेल, शब्द नाहीत, गाणारा नाही, आधी टेप तर पाठवा. तू भाकरी थापताना जी गाणी गुणगुणतेस, त्यातल्या कितीतरी गाण्यांत माझी गिटार आहे आणि कशावरही माझं नाव नाही. या रेकॉर्डवर ते असेल. पण समोरचं कापसाचं जिन सुरू झालं की भिंती थरथरतात, वर विजेचा दाब पडतो, टेप रेंगाळते आणि सगळे सूर खाली घसरतात. म्हणून जिनला सुट्टी असेल तेव्हा, नाहीतर मजूर भाकरी खायला बसले की तेवढ्या वेळात वाजवायचं.

बा पहिल्या दिवशी ओसरीवर पाठ करून बसला. त्याचं आणि वाजवण्याचं तुला माहीतच आहे, पण तू आमच्या घरात आलीस तेव्हा ते सगळं होऊन गेलं होतं. उभी हयात त्याने गावात डफडं वाजवलं. लग्न असो, मिरवणूक असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं आणि दाराबाहेर उभं राहायचं. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आला आणि ते डफडं त्याने पूर्णेच्या पाण्यात सोडून दिलं. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनीच वाजवणं बंद केलं तेव्हा. मी धर्माचा धर्मपाल झालो तोही त्याच आठवड्यात. पुढे मी कोट घालून, गिटार घेऊन मुंबईहून आलो तर बा म्हणाला, 'आपन दुसऱ्याच्या दारात वाजवनं सोडलं, अन् तू तिकडं जाऊन थेच करून राहिला! दार तेवढं मोठं पाह्यलं.' मी फार रागावलो होतो. तिथे खुर्ची देतात, चहा देतात, मास्तर म्हणतात, असं बरंच काही त्याला सुनावलं. आता वाटतं, त्याचं अगदीच चुकलं नव्हतं.

पहिली धून झाली, टेप मागे फिरवली आणि ऐकायला बसलो. कान देऊन ऐकलं आणि माझा मलाच संताप आला. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी थांबत होतो. थांबून कशाची वाट बघत होतो, तर गाणाऱ्याची! स्टुडिओत आमचं काम तेच असतं, शालू. गाणाऱ्याचं तोंड उघडलं की आपली बोटं मागे घ्यायची, तो श्वास घ्यायला थांबला की तेवढी फट भरायची. इतकी वर्षं हेच केलं, तर माझ्या स्वतःच्या धुनेतही मी दुसऱ्याला जागा सोडून बसलो होतो. ओसरीवरून बा म्हणाला, 'बरं हाय, पन गानं कुठी हाय?' मी ती सगळी पुसली. पुन्हा वाजवली, पुन्हा थांबलो, पुन्हा पुसली. सवय एवढी हाडात गेलेली की डोळे मिटले की समोर माइकपाशी कोणीतरी उभं दिसायचं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मी असाच एका जागी थांबलो आणि खाटेच्या लाकडावर ठोका पडला. बा आत येऊन बसला होता. त्याने आणखी दोन ठोके दिले, मान हलवली, आणि मी न थांबता पुढे गेलो. संपल्यावर मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, 'आपल्या घरात वाजवाले कोनाची मनाई हाय?' पुढच्या सगळ्या धुनांत त्याचे ठोके आहेत. मुंबईचे लोक हसतील, हसू देत.

आता हाताचं. मुंबईत काम मंदावलं म्हणून घरी आलो, असं मी तुला सांगितलं होतं. काम मंदावलं नव्हतं, मला बोलावणं बंद झालं होतं. डाव्या हाताची करंगळी तारेवर टेकायची, पण दाबायची नाही. रेकॉर्डिंग चालू असताना सूर मेला की साठ वादकांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागतं. असं तीन रेकॉर्डिंगांत झालं आणि मग माझ्या खुर्चीवर एक तरुण गोवेकर बसला. चांगला वाजवतो. मी म्हटलं, थकवा असेल, नस दबली असेल. घरी येऊन तेल चोळलं, शेक दिला. मग एके दिवशी चुलीवरचं भगोनं डाव्या हाताने उतरवलं आणि जळल्याचा वास आला. भाजी करपली म्हणून मी भगोन्यात पाहत होतो. बा ओरडला तेव्हा कळलं, जळत होता माझा हात. दुखलं मात्र काहीच नाही. त्यानंतर दुसरं बोटही आखडायला लागलं. मी धुना बदलत गेलो. आधी चार बोटांच्या बसवल्या होत्या, त्या तीन बोटांच्या केल्या. सुगतसाठी केलेली शेवटची धून दोन बोटांत बसवली. ती इतकी सोपी झालीये की शाळेतलं पोरही वाजवील. काल ती झाली. माझ्या मनासारखी झाली नाही, पण आता याहून चांगली होणार नाही, हे बोटांना माझ्याआधी कळलंय.

मी अचलपूरला आलो होतो तो दिवस तू विसरली नसशील. मीही नाही. सगळं घर कौतुकाने बघत होतं आणि मी उंबऱ्यापाशीच उभा राहिलो. मला पडसं झालंय म्हणालो. तुझी आई तडकली, 'पोराले हातात तं घ्या जवाईबापू! का इच्चू हाय थो?' तू नुसती बघत राहिलीस, ते जास्त लागलं. त्याचं जावळ दाट आहे, कान माझ्यासारखे आहेत, झोपेत ओठ हलवतो. एवढंच बघून मी संध्याकाळच्या एसटीने परत आलो. परतवाड्यापर्यंत मी तोंडाला रुमाल लावून बसलो होतो. शेजारच्या माणसाला वाटलं, खरंच पडसं झालंय.

त्याच्या आदल्या दिवशी मी अमरावतीला गेलो होतो. रेडिओचे व्हॉल्व्ह आणायला जातो असं बाला सांगून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. बराच वेळ झाला तरी काही होईना, म्हणून मी म्हटलं, टोचा ना साहेब, सुई टोचणार होता. ते म्हणाले, टोचून झालं. मला महारोग झालाय, शालू. औषध आहे, गोळ्या आहेत, रोग मरतो असं ते म्हणतात, पण वर्षं लागतील आणि गेलेली बोटं परत येणार नाहीत. लहान पोराला जवळ घ्यायचं नाही, त्याच्याजवळ निजायचं नाही, हेही त्यांनी सांगितलं. उद्या सकाळी मी अमरावतीजवळच्या आश्रमात जातोय. बाला सगळं माहीत आहे. कोणी विचारलं तर मी मुंबईला गेलो म्हणून तो सांगणार आहे, तूही तेच सांग, नाहीतर घरमालक तुम्हाला या घरात राहू देणार नाही. नारायण टेप मुंबईला पाठवील. त्याला मी हाताचं काही सांगितलेलं नाही. तू आधी तुझी आणि सुगतची तपासणी करून घे, यात हयगय करू नकोस, मग त्याला घेऊन बिनधास्त आपल्या घरी ये. भांडी मी उकळून ठेवलीत, माझं अंथरूण जाळलंय. आश्रमात मला भेटायला यावंसं वाटलं तर एकटी ये, नाही आलीस तरी मी तुला बोल लावणार नाही. सुगतला मात्र आणू नकोस. तिथे गेल्यावर मी कधीतरी तुला लिहीन की एकदाच त्याला आण, मी लांबूनच बघीन, हात लावणार नाही. मी असं लिहीनच, मला माझा भरवसा नाही. तेव्हा माझं ऐकू नकोस.

तुझाच,
धर्मपाल