सोंडे लागलेला शाळू

बारामती,
१४ डिसेंबर २०२५

ती. आबा व ती. सौ. आई यांस,
योगिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कंडक्टरकडं दिलेली पिशवी शिवमनी काल स्टँडवरून आणली. पालक, वांगी, लाल भोपळा आणि भोपळ्याखाली तुमचं पत्र, सगळं पोचलं. फक्त वांग्याचं देठ टोचून पत्राला भोक पडलंय, तेही नेमकं नागेशच्या स्थळाच्या बातमीवर. मुलगी कुठल्या गावची ते पुन्हा कळवा.

फोनवर तुम्ही ओरडून बोलता आणि माझं ऐकायच्या आत ठेवून देता. मेंढरं घेऊन कोकणात जायचात तेव्हा मुक्कामावरून कार्ड टाकायची सवय लागली, ती तुमची अजून सुटली नाही. आता मलाही लागली. आजचं मात्र मला फोनवर सांगताच आलं नसतं, म्हणून एका अर्थी बरंच झालं.

संस्कृती आता उशीच्या आधारानं बसते आणि आम्ही जेवायला बसलो की आमच्या ताटाकडं अशी बघते की घास उतरत नाही. तिचं उष्टावण रथसप्तमीला, २५ जानेवारीला करतोय. रविवार आहे, शिवमना सुट्टी आहे. पहिला घास भरवायला मामा लागतोच, तेव्हा नागेशनं यायचंच, कुठलीही सबब नको.

आता मुद्द्याचं, आणि रागावू नका. आपल्यात पहिला घास आजोळच्या शाळूच्या खिरीचा असतो, मला माहीत आहे. पण या वेळी शाळू मी इथल्या सेंद्रिय मालाच्या दुकानातून आणायचं ठरवलंय. खालच्या मजल्यावरच्या प्रतिक्षाताई त्यांच्या मुलांसाठी सगळं तिथूनच आणतात. तुमच्या फवारणीचा पंप मी लहानपणापासून बघतेय. डाळिंबाला औषध मारून आलात की आई तुम्हाला अंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. मग त्याच रानातलं एवढ्याशा पोरीच्या तोंडात घालायला माझा हात धजत नाही.

आणि आईनं मी ऑक्टोबरात बाळंतपणाहून सासरी निघताना बांधून दिलेल्या शाळूच्या पिशवीत सोंडे झालेत. उघडली तर कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा आणि त्यावर हे काळे किडे फिरतायत. शिवमना म्हटलं, पाखरांना टाकून या. दुकानातल्या पाकिटात औषधाला एक किडा सापडायचा नाही.

आईला नीट समजावून सांगा. माझ्यावरचा लोभ या एका पत्रानं उणा होणार नाही असं धरून चालते.

तुमची,
योगिनी


॥ बिरोबा प्रसन्न ॥

निमगाव केतकी,
२० डिसेंबर २०२५

चि. सौ. योगिनीस आबाजीचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना रामराम, बाळीला गोड पापा.

तुझं पत्र पावलं. नागेशनं ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं, हितंच चूक झाली. तुझी आई निम्म्यातनंच उठून गेली आन तव्यावरली भाकरी करपली. मी म्हनलो पुढचं ऐकून तर घे. ती म्हनली, पोरीला आपलं धान्य नको झालं, आता ऐकायचं काय ऱ्हायलं. मलाबी राग आला. हाच शाळू खाऊन तू एवढी झालीस, कॉलेजात गेलीस, आन आता बापाच्या रानातलं धान्य तुला भ्या दाखवाय लागलं. वाईट वाटलं, ते लपवत न्हाय.

पर तू म्हनतीस त्यात खोटं काय न्हाय. डाळिंबाला औषध मारतो, व्हय. न्हाय मारलं तर तेल्या रोग येतो आन बाग हातची जाती. आपलं डाळिंब तू बाळीला दिलं न्हाईस तरी मी रुसणार न्हाय. वांग्यालाबी कधीमधी मारावं लागतं. पर शाळूला कोण औषध मारतंय? थंडीवर आन जमिनीच्या वलीवर येणारं पीक ते. पेरताना खत तेवढं टाकलं हुतं, दुकानातलं. तेबी सांगून ठेवतो, म्हंजी उद्या दुसऱ्याकडनं कळलं तर बापानं लपवलं असं वाटाय नको.

आन एक गंमत सांगतो. तुझ्या आज्याच्या काळात आपली मेंढरं लोकांच्या रानात बसायची. आपल्या लेंडीखतावर दुसऱ्यांची रानं पिकली. आन आपलं सोताचं रान झालं तसा मी गुमान दुकानातनं खताची पोती आणाय लागलो. तुझं पत्र वाचून राग आला, आन राग गेल्यावर माझंच मला हसू आलं. माझा चुलतभाऊ माऊली अजून मेंढरं राखतो, आता कोकणात उतरत न्हाय, कॅनॉलच्या पट्ट्यातच फिरतो. जानेवारीत त्याची मेंढरं घरामागच्या तुकड्यात बसवायचं ठरवलंय. त्या तुकड्यात हितनं पुढं पोतं न्हाय आन पंप न्हाय. बाळीची भाजी तितली.

पर पहिला घास आपल्या शाळूचा असावा, असं मला लई वाटतं. माझ्या बापानं मला तोच भरवला, मी तुला. तरी तू आई हायस, शेवटचा शबूद तुझा.

नागेशचं स्थळ पिंपळीचं हाय. ह्या टायमाला पिशवीत वांगी घातली न्हाईत.

लोभ आटू दिऊ नको. रागाचं मी बघून घेतो.

तुझा आबा


बारामती,
२९ डिसेंबर २०२५

ती. आबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शिवमना वाटलं गावाकडं काहीतरी झालं. त्यांनी पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाले, की खताचं त्यांनी सांगितलं नसतं तर तुला काय कळणार होतं?

ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि शाळूचं पाकीट हातात घेऊन विचारलं, हे कुठल्या गावचं, काय घालून पिकवलं. दुकानातला मुलगा भला होता. त्यानं पाकीट उलटं करून मागचा शिक्का दाखवला आणि म्हणाला, ताई, आम्हाला एवढंच माहीत असतं. शिक्का खराच असेल, मी त्यांना नावं ठेवत नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ मी तिथूनच आणणार आहे, तेव्हा मी अगदीच पलटले असं आईला सांगू नका. पण त्या पाकिटात मला ओळखीचं कुणी दिसेना.

तर पहिला घास आपल्याच शाळूचा. आईला सांगा, भाकरी करपवू नको. मात्र एक अट आहे. धान्य निवडून, स्वच्छ करून पाठवायचं आणि त्यात एकही सोंडा नको. सासूबाई आणि नणंदांसमोर पिशवीतून किडे चालत बाहेर आले तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नागेशला मुद्दाम सांगा, पिशवीची जबाबदारी त्याची.

पिंपळीच्या मुलीचा फोटो पाठवा. तिला म्हणावं, आमच्याकडं भांडणं पत्रानं होतात.

लेकीचा हट्ट चालवून घेतलात, तशीच मायाही चालू ठेवा.

योगिनी


॥ बिरोबा प्रसन्न ॥

निमगाव केतकी,
१७ जानेवारी २०२६

चि. सौ. योगिनीस अनेक आशीर्वाद.

पोरी, ह्या पिशवीत शाळू न्हाय. का न्हाय ते सांगतो, निवांत बसून वाच.

तुझं पत्र आल्यावर तुझ्या आईला पंख फुटले. कोठीतला शाळू काढला, उन्हात घातला, दाणा दाणा निवडला, पांढऱ्या कापडात बांधून परत कोठीत ठिवला. आन आमच्या चिरंजीवांनी, ताईनं एकबी सोंडा नको म्हनलंय म्हणून, कुणाला न इचारता कोठीत धान्यात ठिवायची औषधाची गोळी टाकली. दुकानातली, जालीम. भाचीच्या खिरीत किडा नसावा म्हणून. परवा तुझी आई पिशवी भराय गेली तवा वास आला.

नागेश म्हनतो, वारं दिलं, ऊन दिलं की त्याचा अंमल ऱ्हात न्हाय, सगळी तसंच खात्यात. असंल. आमी मोठी माणसं उन्हाळ्यापतोर थांबून खाऊ. पर सात महिन्याच्या पोरीच्या तोंडात घालताना असंल म्हणून भागत न्हाय. न सांगता पिशवी धाडली असती तर तुला कळलंबी नसतं, हे मला ठाऊक हाय. पर तुझ्यासमोर जलमभर मान वर करता आली नसती.

तवा तू दुकानातलं पाकीट आण. मी मनापासनं सांगतोय, टोमणा न्हाय. शेजारापाजाराकडं इचारलं, पर समद्यांच्या कोठीत तीच गोळी हाय. तुझी आई नागेशला भाकरी आपटून वाढती. माझं म्हनशील तर मला नीट जेवण जाईना. बाळीच्या पोटात पहिलं काय जाईल ते आपल्या रानातलं असावं एवढीच हौस हुती, आन ती आपल्याच हातानं गेली.

उष्टावणाला दोघं मायलेक येत्यात. माऊलीची मेंढरं नेमकी त्याच आठवड्यात आपल्या तुकड्यात बसणार, म्हणून मला हितं थांबाय लागतंय. बाळीला माझा आशीर्वाद.

लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे, मी वाढवून मागत न्हाय.

तुझा आबा

ता. क. ताई, मी नागेश. चांगलं करायला गेलो आणि घोळ झाला. तू तरी शिव्या पत्रातून दे, घरच्या तोंडी शिव्या ऐकून कान भरलेत.


बारामती,
२० जानेवारी २०२६

ती. आबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र उलट टपाली म्हणतात तसं उलट गाडीनं पाठवतेय. आधी जेवून घ्या, मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र वाचून मी परत पहिल्यापासून वाचायला घेतलं. नागेशचा राग येईना, कारण एकही सोंडा नको हे माझंच फर्मान. संस्कृती मांडीवर बसून तुमच्या पत्राचा कोपरा चोखत होती. तो तिच्या तोंडातून काढून घेताना एकदम माझ्या ध्यानात आलं. आबा, सोंडे! ज्या शाळूत सोंडे मजेत पोट भरतायत, पिल्लं घालून नांदतायत, त्या शाळूत गोळी कुठून असणार?

धावत गॅलरीत गेले. पण ऑक्टोबरातला तो शाळू मी शिवमना पाखरांना टाकायला सांगितला होता. त्यांना कामावरच फोन लावला. तेव्हा कबूल झाले की रोज उद्या उद्या करत राहून गेलं आणि मी ओरडीन म्हणून पिशवी जुन्या कुलरच्या मागं सरकवून ठेवली. लग्नाला चार वर्षं झाली, त्यांच्या आळसाचं कौतुक करायची वेळ पहिल्यांदाच आली.

पिशवी तिथंच सापडली. तुमच्याच रानातला, आईच्याच हातचा, लिंबाच्या पाल्यातला शाळू. निम्मा पोखरलाय, पण मूठभर पिठापुरते धड दाणे सहज निघतील. मी चाळून उन्हात घातलाय. सोंडे रांगेनं कठड्यावरून निघून गेले, मी त्यांना हात लावला नाही.

नागेशला म्हणावं, शिव्या माफ. मोकळ्या हातानं येऊ दे त्याला.

तुमची माया आहे, म्हणून माझा आगाऊपणा खपतो. खपत राहो.

योगिनी


बारामती,
२७ जानेवारी २०२६

ती. आबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

आई आणि नागेश पोचलेच असतील आणि सगळं सांगूनही झालं असेल. तरी माझ्याकडून ऐका, कारण आई रडत होती, तिला नीट दिसलं नसणार.

सकाळी गॅलरीत गोवऱ्यांवर रथसप्तमीचं दूध उतू घातलं. शाळू आईनं सकाळीच मिक्सरवर दळून वस्त्रगाळ केला आणि खीर तिनंच ढवळली, चमचा कुणाच्या हातात दिला नाही. सासूबाईंनी विचारलं, धान्य कुठलं. मी सगळी हकिकत सांगितली, सोंड्यांसकट. मला वाटलं होतं नाक मुरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, की किड्याला मानवलं ते लेकराला मानवंल.

संस्कृतीनं पहिला घास नागेशच्या शर्टावर थुंकला. सगळे हसले, त्याचं तोंड उतरलं. दुसरा घास द्यायला तो भीतभीत बोट पुढं करतोय तोवर तिनं दोन्ही हातांनी ते बोट धरून तोंडात ओढलं आणि सोडेना. वाटी चाटून पुसून संपली. तुम्ही नव्हतात, ते मला सारखं टोचत होतं. म्हणून शेवटचा चमचा मी तुमच्या नावानं भरवला.

आता ऐका. तांदूळ-डाळ दुकानातली, भाजी मेंढरांच्या तुकड्यातली, डाळिंब ती मोठी झाल्यावर बघू. शाळू मात्र बारा महिने तुमच्याकडचा, आईच्या लिंबाच्या पाल्यातला. आणि माझी जुनी अट रद्द, नवी लिहून घ्या. सोंडे दिसले नाहीत तर पिशवी त्याच गाडीनं परत येईल.

लोभ वाढला आहे हे मला कळतं. तुम्हीही कळू द्या.

योगिनी


॥ बिरोबा प्रसन्न ॥

निमगाव केतकी,
१ मार्च २०२६

चि. सौ. योगिनीस अनेक आशीर्वाद, बाळीला दोन पापे.

तुझं मागलं पत्र मी नागेशकडनं चारदा वाचून घेतलं, आन मग चष्मा लावून एकदा सोता. शेवटच्या चमच्यापाशी आलो की पुढचं दिसंना. तुझी आई म्हनती नंबर वाढला. वाढला असंल.

मेंढरं बसली तो तुकडा आता बघ एकदा येऊन. पालक गुडघ्यापतोर आलाय. मेंढरांनी जाताना तुझ्या आईची कोथिंबीर साफ केली, त्यावरनं माऊलीचं आन तिचं वाजलं, पर ते सोड. पिंपळीची बोलणी पक्की झाली. पोरीनं पहिलंच इचारलं, धान्यात गोळी कुणी टाकली हुती. आमची अब्रू तितंबी पोचली हाय.

नवा शाळू निघाला. तुझी पिशवी येगळी बांधून कंडक्टरकडं दिलीया, पाला घालून. उघडून बघशील आन परत धाडशील म्हणून आधीच लिवतो. माल ताजा हाय, सोंडे अजून लागलं न्हाईत. जरा दम धर.

माया हाय ती तशीच पिकू दे.

तुझा आबा