शेड क्रमांक दोनमधील इंजिनाबाबत माझी इच्छा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे दुखतात; त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. "आई, या वयात लोक नातवंडं सांभाळतात, तू भंगार सांभाळतेस," असे ती एकदा म्हणाली होती. ते मी मनात ठेवलेले नाही. आमच्या वाफेच्या गाडीत ती अजून बसलेली नाही. तशी अट घालत नाही. बसली तर बरे वाटेल.

२. शिलाई मशीन धाकट्या जाऊबाईंना. पायडल जड आहे, तक्रार करू नये.

३. पान्यांची पेटी. ही माझ्या पतींची. ते फिटर होते. निवृत्तीनंतर दर रविवारी रेल्वे संग्रहालयात जाऊन एक जुने वाफेचे इंजिन विनामोबदला दुरुस्त करीत. इंजिनाचा सुटा भाग न् भाग जमिनीवर असताना ते वारले. संग्रहालयाचे सचिव सभेत म्हणाले, "आता रंग मारून फाटकाशी उभं करू. जोडणार कोण?" मी म्हटले, "मी." सगळे हसले. पतींचे मित्र, बॉयलरचे मिस्त्री, तेवढे हसले नाहीत. "वहिनी, रविवारी जुने कपडे घालून या," म्हणाले. नऊ वर्षे लागली. पेटी मिस्त्रींना द्यावी.

४. सचिवांबाबत. गाडी पहिल्यांदा धावणार त्या सकाळी बॉयलरच्या एका नळीतून पाणी झिरपताना मी पाहिले. सचिव म्हणाले, "पाहुणे डब्यात बसलेत, शिंपीणबाई. चार थेंबांनी काय होतंय?" मी वाद घातला नाही. दाताळे घेतले आणि भट्टीतले निखारे खाली ओढले; वाफ उतरली, गाडी सुटली नाही. त्यांनी सर्वांदेखत माझ्याकडून शेडची किल्ली काढून घेतली. पुढचे सहा रविवार मी फाटकाबाहेर स्टूल टाकून डब्याच्या गाद्यांचे अभ्रे शिवले. आत मिस्त्रींनीही पान्याला हात लावला नाही. सातव्या रविवारी सरकारी बॉयलर तपासनीस आले. त्यांनी ती नळी हातोडीने ठोकली, तर तिचा तुकडाच त्यांच्या हातात आला. किल्ली मला परत मिळाली. "चुकलो" हा शब्द मात्र सचिवांच्या तोंडून अद्याप निघालेला नाही. सबब, माझ्या माघारी त्यांनी माझ्यावर भाषण करू नये. हार घालण्यास हरकत नाही.

५. इंजिन माझ्या मालकीचे नाही, हे मला कळते. तरी लिहून ठेवते: गळती दिसली की गाडी सुटणार नाही, डब्यात कोणीही बसलेले असो. हे ज्याला पटत नसेल त्याने भट्टी पेटवूच नये.

६. माझा अंत्यविधी रविवारी आला तर सकाळची फेरी रद्द करू नये. मिस्त्रींनी मला पोचवायला येऊ नये, गाडी वेळेवर सोडावी. शिट्टी नेहमीइतकीच द्यावी. माझ्यासाठी जादा वाफ वाया घालवायची नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: शेजारचे औषध दुकानदार (सही)
साक्षीदार २: समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार, शेडवर निघण्यापूर्वी