दुपट्ट्याखालचा हात

बाबा, नातीचा निकाल लागला. मानसशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झाली. माझ्या धाकट्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, आज सकाळी फोन करून सांगितलं. तुम्ही यांच्यापैकी कुणालाच पाहिलं नाहीत. तिच्यापुढे आता दोन नोकऱ्या आहेत. एक त्यांच्या घराजवळच वर्ध्याला, पिपरी मेघेच्या एका शाळेत, मुलांच्या अडचणी ऐकून घेण्याची. दुसरी पुण्याला, एका कंपनीत माणसं निवडण्याची. आईबापाला घराजवळची हवी आहे. तिला कुठली हवी ते ती सांगत नाही, ‘आजीशी बोलून ठरवते’ एवढंच म्हणते. उद्या दुपारच्या गाडीनं ती इथे नागपूरला येते आहे आणि मी सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा थंड झाला.

मीही याच विषयात बी.ए. होऊन सिंदीला परतले त्या वर्षी गावात या विषयाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या काकू सुनेला हाताला धरून आमच्या स्वयंपाकघरात घेऊन आल्या होत्या. “हे दिवसभर तोंड फुगवून बसते. हिच्या मनात काय आहे, सांग बरं!” त्या सुनेनं पदर पार नाकापर्यंत ओढला आणि माझ्याकडे पाहायचंच टाळलं. आईनं दोघींना चहा पाजून वाटेला लावलं. तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली आत्या म्हणाली, “मनातलं ओयखून पोट भरते का कोनाचं?” तुम्ही ओसरीवरून हसलात. “मंग मी काय करतो, ताई? मी बी लोकायच्या मनातलाच भाव काढतो.” ते खरंच होतं. तुम्ही कापसाचे दलाल. बाजारात दुपट्ट्याखाली हातात हात घालून बोटं दाबायची, भाव ठरायचा, आणि भोवतालच्या माणसांना एक अक्षर कळायचं नाही. लहानपणी गाठोड्यावर बसून मी तुमचा चेहरा पाहत राहायची. चेहऱ्यावरून कधीच काही कळलं नाही.

गावातल्या मुलींच्या शाळेनं मला शिकवायची नोकरी देऊ केली होती. एके दिवशी शाळेचे चिटणीस उत्तर घ्यायला ओसरीवर येऊन बसलेले. नागपूरला मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेणारं एक केंद्र नवीनच निघालं होतं, तिथूनही मला बोलावणं आलेलं. आत्या तापलेली. “वेड्यायच्या दवाखान्यात पोरगी धाडशीन, तं उद्या तिच्याशी लगन कोन करन?” आई म्हणाली, “दवाखाना नाई तो. पन इथची शाळा काय वाईट आहे? घरचं खाईन, घरी राहीन.” सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिले.

“काऊन वं, बोलत नाई?” तुम्ही विचारलंत, आणि मग खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर पसरलात. “ये, बस इथं. एक बोट म्हंजे इथची शाळा, दोन म्हंजे नागपूर. दाब.”

“पोरीचा सौदा करून राह्यला का रे, बापू?” आत्या तुमच्यावर कडाडली.

“सौदा तिचाच आहे, ताई. मी निस्ता दलाल.”

चिटणीस हसतात. आई हसत नाही. दुपट्ट्याखाली तुमचा हात कोरडा, खरखरीत आहे, माझा घामानं भिजलेला. तुम्ही समोरच्या भिंतीकडे पाहता आहात, बाजारात पाहायचात तसं. मग तुम्ही हात बाहेर काढलात, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, “नागपूर.” हात बाहेर आला की सौदा पक्का, हा बाजाराचा नियम आमच्या घरातही मोडत नसे. संध्याकाळी चुलीपुढे आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “येवढं मनात होतं, तं मले सांगाचं. मी काय परकी होती?” मी चुलीत लाकूड सारलं. मी तुम्हाला सांगितलं आणि तिला नाही, हे तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

ते केंद्र लवकरच बंद पडलं. मग मी शाळेतच शिकवलं, नागपूरच्या शाळेत. पुढे एका साप्ताहिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं लिहू लागले. दर गुरुवारी मजकूर द्यायचा, त्यात खंड पडू दिला नाही. कुणाला माहेरी जा म्हटलं, कुणाला थांब म्हटलं, आणि झोप लागत राहिली. तुम्हाला मात्र एक गोष्ट विचारायची राहिली. पुढच्या दिवाळीत विचारू म्हणत होते, त्याआधीच तुम्ही गेलात.

घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: आजीनं दोन बोटं दाबली आणि नागपूर गाठलं. नातीची ती फार लाडकी. पण मी एकही बोट दाबलं नव्हतं, बाबा. बाजाराच्या दिवशी गाड्यांच्या गर्दीतून जाताना धरायची, तसा तुमचा अख्खा तळवा घट्ट धरला होता. त्यातून तुम्ही नागपूर कसं वाचलंत? की तुमच्याच मनातलं बोललात? जाऊ द्या मला, असा त्या पकडीचा अर्थ होता की सोडू नका असा, ते मलाही कधी कळलं नाही.

मघाशी नातीचा स्वतःचा फोन आला. हसत म्हणाली, “आजी, शाल काढून ठेव.” उद्या ती माझ्याशेजारी बसेल, हात आत घालेल, आणि तिनंही नुसता तळवाच धरला, तर बोलायची पाळी माझी असेल. त्याआधी तिला खरं सांगावं की नाही, ते अजून ठरत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एवढं कबूल करते: शाल मी तिच्या फोनच्या आधीच काढून ठेवली होती.