अमेरिकायुद्धस्तोत्र आणि अक्काची फेरपरीक्षा

सोलापूर,
कार्तिक वद्य पंचमी, रविवार

तीर्थस्वरूप अक्का हिच्या चरणी धाकटा भाऊ सोमशेखर याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने संप पुकारल्यामुळे आठांपैकी निम्मी अंगं सध्या कागदावरच नमस्कार करतात, ते गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे, दाजींची साखर किती आहे, आणि तिकडच्या थंडीत तू कानटोपी घालतेस की सुनेला बरी दिसत नाही म्हणून पर्समध्ये बाळगतेस, हे सविस्तर कळव. इकडे क्षेम आहे. आपल्या मातोश्रींना, म्हणजे अव्वाला, एकोणऐंशी पूर्ण झाली, दात सात उरले आहेत, आणि त्या सातांच्या बळावर कडक भाकरीवरचं तिचं राज्य अबाधित आहे. मोबाईल असताना हे कागदी पत्र कशाला, असं विचारशील. तर मोबाईलवर मी काही लांब लिहिलं की तू पहिल्या दोन ओळी वाचून अंगठा पाठवतेस. आपल्याकडे अंगठा सही न येणाऱ्यांनी उठवायचा असतो. शिवाय शेजारच्या बजाबाईंचा ऋतुराज गुरुवारी अमेरिकेला निघतोय (तो कसा निघतोय, हीच पुढची कथा आहे), तो तिथे उतरला की हे टपालात टाकील.

आता मूळ विषय. गणपतीच्या आठवड्यात तू अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या तोंडी परीक्षेत नापास झालीस, हे मी अजून गल्लीत कोणाला सांगितलेलं नाही (अव्वाने सांगितलं). एकोणतीसचा पाढा चुकला म्हणून ज्या अक्काने मला भर उन्हात अंगणात उभं केलं, ती अक्का नापास! खोटं कशाला बोलू, पहिली पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. मग दाजींनी फोनवर सगळी हकीकत सांगितली. अधिकारी बाईंनी तुला विचारलं, अमेरिकेतले लोक इंग्रजांशी का लढले? तू म्हणालीस, मिठासाठी. बाईंनी चष्मा सारखा करून पुन्हा विचारलं, तर तू त्यांना शिंदीची झाडं तोडल्याचं, गोळीबार झाल्याचं, मग चार दिवस गावात इंग्रजाचा शिपाई औषधालाही नव्हता आणि त्यावर लष्करी कायदा आला, हे सगळं मुद्देसूद सांगितलंस. अक्का, मी शिक्षक म्हणून सांगतो, उत्तर बिनचूक होतं. फक्त गाव चुकलं. इंग्रज दोन्हीकडे तेच, कर दोन्हीकडे तसेच. सोलापुरात वाढलेल्या बाईला स्वातंत्र्याची दुसरी लढाई आठवावी तरी कशी? पण त्या बाई पडल्या अमेरिकन, त्यांना एकोणीसशे तीस सालचं सोलापूर काय ठाऊक असणार!

नऊ डिसेंबरला फेरपरीक्षा आहे. ह्या अर्जावरची ही शेवटची संधी. हुकली तर नवा अर्ज आणि पुन्हा वर्ष-दीड वर्षाची वाट. घरातले बाकी सगळे केव्हाच अमेरिकन झाले, विमानतळावर ते सगळे एका रांगेत आणि तू एकटी दुसऱ्या रांगेत, हे सांगताना फोनवर तुझा आवाज कसा झाला ते मी ऐकलं आहे. म्हणून तू जेव्हा म्हणालीस, 'सोमू, तू मुलांना श्लोक करून सगळं पाठ करायला लावतोस, तसं मला अमेरिकेचं करून दे,' तेव्हा मी नाही म्हणू शकलो नाही.

वाटलं होतं, पाच-सहा श्लोकांत देश आटपेल. कसला आटपतोय! स्वातंत्र्याचं युद्ध झालं, श्वास घेतो तोवर अठराशे बाराचं आलं. मग मेक्सिकोचं, मग आपसातलं, मग स्पेनचं, दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, आखात. बरं, ह्या लोकांनी लढायांच्या जागा निवडताना छंदाचा काडीइतका विचार केलेला नाही. मॅसॅच्युसेट्स हे नाव अनुष्टुभात बसत नाही, शार्दूलविक्रीडितात बसत नाही. माझ्या मते ते नकाशातसुद्धा कोंबूनच बसवलेलं असावं. शेवटी एकवीस श्लोक झाले. पहिला तुला येतोच:

चायं क्षिप्त्वा समुद्रान्तः करं नैव ददुर्जनाः ।
अष्टौ वर्षाणि युद्ध्वा ते स्वातन्त्र्यं लेभिरे ततः ॥

म्हणजे लोकांनी चहा समुद्रात टाकला, कर काही दिला नाही आणि आठ वर्षं लढून स्वातंत्र्य मिळवलं. (चहासाठी माझ्या कोशात बरा संस्कृत शब्द सापडला नाही. आपले ऋषी इतक्या पहाटे कशाच्या आधारावर उठत, हे मला न सुटलेलं कोडं आहे.) आणि स्तोत्र म्हटलं की शेवटी फलश्रुती हवीच, म्हणून गंमत म्हणून मी लिहून गेलो, 'यः पठेत् प्रातरुत्थाय पारपत्रं लभेत सः', जो सकाळी उठून हे म्हणेल त्याला पासपोर्ट मिळेल. अक्का, ह्या एका ओळीने माझा घात केला.

झालं असं, की श्लोक पाठ व्हायला सोपे आहेत का हे बघायला मी ते आधी अव्वाला शिकवले. तिने आठवड्यात एकवीसच्या एकवीस तोंडपाठ केले आणि सकाळच्या पूजेत बसवून टाकले. भस्म लावून, घंटा वाजवून ती मेक्सिकोचं युद्ध म्हणते. बजाबाई भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांनी गॅलरीतून ऐकलं आणि विचारलं, "सर, लई ग्वाड हाय हो. कंच्या देवाचं?" मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "अमेरिकेचं." पुढे फलश्रुतीचा अर्थही तिनेच सांगितला. बजाबाईंच्या ऋतुराजचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. बाईंनी अकरा दिवस रोज स्तोत्राचे एकवीस पाठ केले आणि बाराव्या दिवशी व्हिसा मंजूर! (ह्या खेपेला पोराने कागदपत्रं नीट लावली होती, पण ह्याकडे लक्ष द्यायला कोणी तयार नाही.)

तेव्हापासून दर गुरुवारी आपल्या घरी सात-आठ बायका मुलांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन जमतात, नारळ ठेवतात आणि खणखणीत आवाजात अमेरिकेतली गुलामगिरी नष्ट करतात. मी दोनदा खुलासा केला, की माउलींनो, हा निव्वळ इतिहास आहे. त्यावर बजाबाई म्हणाल्या, "असू द्या की सर. देवाचं तरी दुसरं काय असतंय? ह्यानं त्याला मारलं, त्यानं ह्याला मारलं." एकीने तर विचारलं, कॅनडाला हेच चालेल का वेगळं लागेल? मी म्हटलं, कॅनडाने स्वातंत्र्य लढून नाही, मागून मागून घेतलं. त्याचं स्तोत्र होत नाही, फार तर विनंती अर्ज होतो. तर ती बाई वही उघडून म्हणाली, मग अर्ज द्या लिहून.

इतकं सगळं यशस्वी झालं आणि परवा व्हिडिओ कॉलवर तुझी चाचणी घेतली तेव्हा माझे डोळे उघडले. मी विचारलं, गुलामगिरी कधी संपली? तू डोळे मिटलेस आणि थेट 'चायं क्षिप्त्वा'पासून निघालीस. वाटेत सगळी गावं घेत, प्रत्येक लढाईला थांबत, तू अठराशे पासष्टला पोचलीस तेव्हा दाजींच्या घड्याळात साडेतीन मिनिटं झाली होती. मधूनच एक श्लोक उचल म्हटलं तर गाडी सुरूच होईना. दोष तुझा नाही, माझा आहे. आम्ही पाठांतरवाले सगळे असेच. मलासुद्धा मधलं काही विचारलं की मनातल्या मनात मंगलाचरणापासून धावावं लागतं. पण ती अधिकारी बाई काही साडेतीन मिनिटं थांबायची नाही, आणि तुझे ओठ हलताना पाहून तिला आपल्यावर काहीतरी करणी होतेय असं वाटलं तर निराळीच पंचाईत.

मी डोकं धरून बसलो होतो. अव्वा शेंगा फोडत होती. म्हणाली, "आरं, पाठ तर झालं. पर कोन कुनाला कशापायी मारतंय, ते कुटं सांगितलंस तू?" अक्का, तीस वर्षं शिकवतोय, पण एवढा जिव्हारी लागणारा प्रश्न एकाही शिक्षणाधिकाऱ्याने विचारला नव्हता. मग बसलो सांगायला. चहाचं तिला लगेच पटलं. आपसातल्या युद्धाशी आलो, 'दास्यमोक्षाय बन्धूनां बन्धुभिर्युद्धमद्भुतम्', भावांना गुलामीतून सोडवायला भावांशीच झालेलं अजब युद्ध. अव्वाला वाटलं, शेताच्या बांधावरून असेल. मी म्हटलं, नाही, माणसं विकायची की नाही ह्यावरून. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"त्यात भांडायसारकं काय हाय? न्हाय इकायची."

मी म्हटलं, अव्वा, सहा लाखांवर माणसं मेली त्यात. मग म्हणाली, "येवढंच कळाया?"

गुलामी गेल्यावरही शंभर वर्षं काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसवत, आणि एका बाईने जागा सोडायला साफ नकार दिला, हे सांगितल्यावर तर तिने मांडीवर थाप मारली. "बराबर केलं की बाईनं! तिकीट काडलंवतं न्हवं तिनं?" आणि गंमत बघ, त्यानंतर मी कुठूनही, कसाही प्रश्न विचारला तरी ती तडक उत्तर देते. साल थोडं इकडे-तिकडे होतं, पण माणूस चुकत नाही. तेव्हा माझे श्लोक आता बाजूला ठेव (हे लिहिताना कवी म्हणून मला काय होत असेल ते तू ओळखशील) आणि सुनेला बसवून सगळी गोष्ट मराठीत सांग, मग कन्नडात सांग, भांडण लागल्यासारखी सांग. अव्वाचा खास निरोप आहे, "च्या टाकला ते तिकडलं, झाडं तोडली ते हिकडलं. हिकडलं तिकडं सांगू नगं म्हनावं."

शेवटी तिने विचारलं, पास झाल्यावर काय होतं? मी सांगितलं, शपथ असते. आधीच्या देशाशी निष्ठा सोडली असं म्हणायचं आणि इथला पासपोर्ट परत करायचा. "आदीचा म्हंजी कंचा?" मी म्हटलं, आपलाच. मला वाटलं, आता रडेल. तर म्हणाली, "मग चांगलं पाठ कर म्हनावं. येवढं सोडून चाललीया, आन् वर नापास व्हायचं?" आणि उठून तिने देवापुढे पहिल्यापासून सुरुवात केली. रोजच्या पाठावर आता तुझ्या नावाचे अकरा जादा पाठ चालू आहेत.

दाजींना नमस्कार, सुनेला आणि नातवंडांना आशीर्वाद. परीक्षेच्या दिवशी दही खाऊन जा. बाईंनी काही विचारलं तर आधी तो प्रश्न कुठल्या देशाचा आहे तेवढं मनात पक्कं कर, मग तोंड उघड.

तुझा आज्ञाधारक (एकोणतीसचा पाढा आता येणारा),
सोमू

ता. क. ऋतुराजजवळ शेंगाचटणीचे दोन डबे दिले आहेत. ती टपालाने जात नाही म्हणे, म्हणून तुमच्या शहरात कोणी येईल त्याच्याबरोबर तो पाठवील. एकच डबा पोचला तर त्याला दोष देऊ नकोस. परदेशात पहिला महिना फार कठीण जातो.

ता. क. दुसरा. सतराव्या श्लोकात बायकांना मताचा अधिकार एकोणीसशे तीस साली मिळाला असं मी लिहिलंय. तो वीस साली मिळाला. ही नजरचूक नाही, अक्का. त्या दिवशी मनात आलं, चुकली तर चुकली, आणखी वर्षभर तरी आमचीच राहील. दहात सहा बरोबर लागतात, एका सालाने तू नापास होणार नाहीस, हेही तेव्हा ठाऊक होतं. तुझ्या भावाची बंडखोरी एवढीच. दुरुस्त करून घे आणि पास हो.

ता. क. तिसरा, अव्वाने शेजारी बसून लिहून घेतलेला. परीक्षा आणि शपथ ह्यांत काही दिवस मिळतात असं दाजी म्हणाले होते. तेवढ्यात एकदा येऊन जा. तिचेच शब्द लिहितो: "शपत घेऊन आली म्हंजी परदेशातली पावनी. मग घर झाडा, नव्या चादरी काडा, पुरणाचं करा. माझ्यानं आता व्हईत न्हाय. त्याच्या आदी आली तर हाय त्या चादरीवर, माझ्यापाशी झोपंल." कागद घडी करत होतो तर हात धरून म्हणाली, "आन् ल्ही, चादर धुतल्याली हाय."